थोरलीनं पन्नास रुपये कसे खर्च केले

लातूर, ४ मे

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू पहिलाच प्रश्न टाकलास, "पोरगी कितवी आली?" तेवढ्यात आडतीवर सौदा निघाला, हमाल ओरडायला लागले आणि बोलणं तसंच राहिलं. म्हणून हे पत्र. होस्टेलात माझ्या अक्षराला नावं ठेवायचास, आता पुन्हा ठेव.

तर निकाल. लेका, आता नंबर नसतो, श्रेणी असते. थोरलीला चौथीत मराठीत अ-२ आणि गणितात ब-२. धाकटा पहिलीत. त्याला चित्रकला बरी येते, बाकी विचारू नकोस. एवढंच ऐकायचं असेल तर पत्र इथंच मिटून ठेव.

तुला आठवतं, मूल दत्तक घ्यायला 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर आम्ही नाव घातलं तेव्हा तू काय म्हणाला होतास? तान्ह्या बाळासाठी रांग कुठल्या कुठं गेलेली, आणि बहीण-भाऊ दोघं एकदम चालतील असं आम्ही कळवलेलं. फोटो आला तेव्हा विचार करायला ४८ तास. तू म्हणालास, "नऊ वर्षांची पोरगी? एवढं वाढलेलं झाड उपटून दुसरीकडं लावलं तर जगत नसतंय, बापू." मी तेव्हा गप्प बसलो, कारण मलाही तेच वाटत होतं. पुढं कागद झाले. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळं वकील टळला, कचेरीचे जिने मात्र टळले नाहीत.

मागच्या मे महिन्यात दोघं घरी आली आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली. धाकटा मला 'सर' म्हणायचा. संस्थेत पँट घातलेला माणूस म्हणजे सर, एवढा साधा हिशोब. "सर, मी पाणी पिऊन राह्यलो," असं सांगून मग माठाला हात लावायचा. विदर्भातली पोरं, बोलणं सगळं तिकडचं. आमच्या गल्लीतली लेकरं हसायची, मग हा आठवडाभर तोंडच उघडायचा नाही.

आणि थोरली! मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा न उघडता पहिलीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी. त्याची बटणं, त्याचा रुमाल, त्याची पेन्सिल. घरी जेवायला बसली की आधी विचारणार, "याले भाजी वाढली का?" कोणी पाहुणा आला की उठून उभी राहायची, आपलं ताट घासून ठेवायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, किती शहाणी पोर! खोटं कशाला सांगू, महिनाभर मीही छाती फुगवून फिरलो. तुझ्या वहिनीला मात्र ते खुपायचं. एकदा रात्रपाळी करून आली, बघते तर थोरली पहाटे उठून भावाचा गणवेश घडी घालत बसलेली. मला म्हणाली, "एवढं शहाणं लेकरू मला बघवत नाही."

शाळेनंही एकदा डोकं खाल्लं. तिथला एक बाबू जुन्या दाखल्यावरचं नाव आणि नव्या जन्मदाखल्यावरचं नाव शेजारी ठेवून पोरांदेखत विचारतो, "मग खरे आई-वडील कोण?" मी आदेशाची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "याच्यावर लिहिलंय, मोठ्यानं वाचा." त्यानं वाचलं नाही, शिक्का मारला.

१७ सप्टेंबरला झेंडा. त्यांच्याकडं हा दिवस नसतो ना, म्हणून थोरलीला नवल. "काऊन पुन्हा झेंडा? पंधरा ऑगस्ट तर झाला." मी सांगितलं, देश १९४७ ला सुटला तरी आपण निजामाच्या राज्यात होतो, पुढं तेरा महिन्यांनी, १९४८ साली मोकळे झालो. ती चपलेनं माती उकरत होती. म्हणाली, "म्हंजे तुमी बी मागून आले." मला काही बोलायला सुचलं नाही. खिशात चॉकलेट होतं, ते दिलं. तिनं अर्धं भावासाठी ठेवलं.

वेळ अमावस्येच्या जेवणाला औशाकडच्या शेतात नेलं. पुण्यात जाऊन तू भज्जी-आंबील विसरलास की काय माहीत नाही, पण माझी आई यंदा उंडे जास्तीचे करून बसली होती. हीच आई मागच्या वर्षी "कुणाची कोण" म्हणून तोंड फिरवून बसलेली. धाकटा कडब्याच्या कोपीत जाऊन झोपला आणि थोरली पोरांबरोबर ज्वारीत पळाली. तासभर तिनं तो कुठंय हे विचारलं नाही. वहिनी घड्याळ बघत होती, खोटं वाटेल तुला.

आता मुद्द्याचं. जानेवारीत तिसरी-चौथीची सहल नळदुर्गला. थोरली म्हणे, मी नाही जात, हा एकटा राहील. दोन दिवस समजूत काढली. शेवटी पन्नास रुपये हातात देऊन गाडीत बसवली. रात्री आठला उतरली ती बडबडतच. नर-मादी धबधब्याला पाणी नव्हतं, पाणीमहालात अंधार होता, एक पोरगी गाडीत ओकली. हातात बांगड्या, केसात पिना, पाकीटभर टिकल्या. धाकट्यानं दोन्ही हात पुढं केले, "मला?" ती थबकली. खरंच विसरली होती रे! भावासाठी एक गोळी आणली नव्हती.

त्यानं भोकाड पसरलं, गल्ली जागी झाली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. मी दुकानाकडं जाऊन धाकट्याला बिस्किटाचा पुडा आणला आणि येताना उगाच एक चक्कर जास्त मारली. बारा वर्षं लोकांच्या तुरी-सोयाबीनचे हिशोब लिहितोय, पण असा जमाखर्च कधी जुळला नव्हता.

दत्तक दिल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी त्या कामातली माणसं घरी बघायला येतात, मुलं रुळली का म्हणून. यावेळी आलेल्या बाईंना मी हाच किस्सा सांगितला. त्या पेन धरून, लिहू का नको अशा बसलेल्या.

एक खंतही आहे, तुलाच सांगतो. धाकटा आता 'जेवून राह्यलो' म्हणत नाही, 'जेवायलोय' म्हणतो. सगळे खूश. मला मात्र ते जुनं बोलणं पुसून जाऊ नये असं वाटतं. म्हणून कधी कधी मीच म्हणतो, "बापू दुकानात जाऊन राह्यला." त्यावर थोरली डोक्याला हात लावते, "पप्पा, तुम्हाला येत नाही ते."

१ मेला झेंडा झाला, निकाल मिळाला. थोरली एकटीच आली, प्रगतिपत्रक टेबलावर टाकलं आणि निघाली खेळायला. मी विचारलं, "आणि त्याचं?"

"त्याचं तो आणील की. मी का म्हून आणू?"

अर्ध्या तासानं धाकटा आला. त्याच्या प्रगतिपत्रकाचं विमान झालं होतं. सही करायला ते उलगडावं लागलं, आणि सही झाल्यावर पुन्हा घडी घालून द्यावं लागलं.

सुट्टीत ये. काकूंना नमस्कार.

तुझा,
बापू