अल्बर्टा, चिनूक आणि आपली दहिवडी

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास ना, तुझ्या मित्राचे आईवडील सप्टेंबरात येतायत, बाबा कॅनडात आमच्या अल्बर्टात काय काय बघायचं त्याची लिस्ट करून पाठवा. लिस्ट मला जमत नाही हे तुला माहितीय, 31 वर्षं भूगोल शिकवलाय, एक सांगायला घेतलं की त्यातून दुसरं निघतंच. आई शेजारी बसून आटपा आटपा करतेय, तरी लिहितो.

आधी त्यांना नकाशा दाखव. लोक बॅन्फच्या नॅशनल पार्कला जाऊन फोटो काढून येतात आणि अल्बर्टा केवढं आहे ते कुणाच्या गावीच नसतं. आपला महाराष्ट्र 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर आणि हे 6 लाख 61 हजार, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि माणसं किती तर 2021 च्या जनगणनेत 42 लाख! आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात 2011 लाच 94 लाख होती. खाली 49 अक्षांश, वर 60, पट्टी ठेवून आखलेल्या हद्दी, पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला सपाट प्रेअरी म्हणजे गवताळ माळ, आणि समुद्र कुठेच नाही.

आता मला तिथं येऊन जे कळलं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात आईचे ओठ फुटले, तू म्हणालास बाबा इथली हवा ड्राय आहे. मी रात्रभर विचार करत होतो, अरे ही तर आपली दहिवडीच! पावसाचे वारे सह्याद्री चढतात, महाबळेश्वर धो धो भिजतं आणि मागे आपल्या माण-खटावला टँकर. तिथंही तेच की, पॅसिफिकवरून आलेले वारे रॉकी चढताना सगळं पाणी पलीकडे ब्रिटिश कोलंबियात सांडतात आणि कॅल्गरीला पोचतात ते रिकाम्या हाताने. एवढी वर्षं पोरांना पर्जन्यछाया शिकवली पण दोन्हीकडे एकच खेळ चालू आहे हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि चिनूक! हेच कोरडे वारे डोंगर उतरताना दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी तापतात, हे मी फळ्यावर खडूने बाण काढून दरवर्षी सांगायचो आणि पोरं जांभया द्यायची. जानेवारीत त्या दिवशी सकाळी उणे 20 होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पागोळ्या गळायला लागल्या, शेजारचा माणूस शर्टावर गाडी धुतोय, सूनबाईचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती पडून राहिली आणि मी वेड्यासारखा डेकवर उभा. पश्चिमेला ढगाची ती कमान आणि तिच्याखाली निळं आभाळ. तिथल्याच पिंचर क्रीक गावात 1962 च्या जानेवारीत म्हणे एका तासात उणे 19 वरून 22 पर्यंत पारा गेला होता. त्या लोकांना चिनूक काही मिळायचा नाही, सप्टेंबरात येतायत बिचारे.

पण सप्टेंबरात मोरेन लेक मिळेल. शटलचं बुकिंग आधीच कर, 2023 पासून स्वतःची गाडी नेता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यातलंच घे म्हणजे लार्चची झाडं पिवळी झालेली असतील. पाणी बघून आई म्हणाली कुणी नीळ टाकलीय का यात. नीळ नाही गं, हिमनदी खडक दळते त्याचं पीठ पाण्यात तरंगतं, त्यावर उजेड पडून तो रंग दिसतो. लेक लुईसही बघा, गर्दी असते पण बघा. व्हिक्टोरिया राणीच्या एकाच लेकीचं, लुईस कॅरोलाइन अल्बर्टा हिचं, एक नाव तळ्याला आणि एक अख्ख्या प्रांताला.

तिथून जास्परच्या रस्त्यावर कोलंबिया आइसफील्ड. हे चुकवलं तर येणं फुकट. महाबळेश्वरला कसं, सावित्री अरबी समुद्राला जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, तसं इथं एकाच बर्फाच्या घुमटाचं पाणी तीन समुद्रांना वाटलं जातं, पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन बेमार्गे अटलांटिक. अथाबास्का हिमनदीकडे चालत जाताना वाटेत सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या साली बर्फ इथपर्यंत होता म्हणून. पाट्या संपतात तरी बर्फ येत नाही. मी मध्येच एका दगडावर बसलो होतो आठवतंय? दम लागला नव्हता रे.

ड्रमहेलरला नातवंडं असतील तर नक्की, डायनासोरच्या सांगाड्यांचं टिरेल म्युझियम आहे, आपली ओवी तिथून हलत नव्हती. एडमंटनचा मॉल सोडला तरी चालेल, मॉल आपल्याकडे फिनिक्सलाही आहे. फ्रँक नावाच्या गावाला मात्र वाकडी वाट करून न्या. 29 एप्रिल 1903, पहाटे 4 वाजून 10 मिनिटं, टर्टल माउंटनचा कडा दीडेक मिनिटात गावावर, 70 ते 90 माणसं गेली, आणि ते चुनखडीचे धोंडे अजून तसेच, हायवे त्यांच्यातून जातो. मला 2021 ला दरडीखाली गेलेलं आपलं आंबेघर आणि मिरगाव आठवलं, गाडीत कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

हां, आणि त्यांना सांग की अल्बर्टात मोठे उंदीर, ते रॅट म्हणतात ते, जवळपास नाहीतच, 1950 पासून सरकार हात धुवून मागे लागलंय. आईचा अजून विश्वास बसत नाही, म्हणते मग गणपती येतो कशावर बसून.

माझे थर्मलचे मोजे खालच्या कपाटात राहिलेत, ते त्या काकांना दे, नवेच आहेत. आणि यंदा ढगाची कमान दिसली की ऑफिसात असलास तरी एक फोटो काढून पाठव, शाळेतल्या सरांना दाखवायचाय.

तुझा,
बाबा