मिसिसागा हे नाव कुणाचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आवडला. एक वाक्य मात्र खटकलं: ‘कॅनडा हा मुळात स्थलांतरितांचाच देश.’ हेच वाक्य मी इथल्या शाळेत, सहावीच्या वर्गात, कित्येक वर्षं शिकवत आले.

मी मिसिसागाला राहते. टोरांटोलगतच्या या शहरात आपली माणसं भरपूर. शहराला ज्यांचं नाव आहे ते मिसिसागा हे इथले मूळ आदिवासी लोक मात्र 1847 पासून हॅगर्सव्हिलजवळच्या राखीव जमिनीवर राहतात. इथली त्यांची जमीन 1805 ते 1820 मधल्या करारांनी ब्रिटिशांकडे गेली. मला हे कळायला नऊ वर्षं लागली, तेही एका विद्यार्थिनीच्या आजीमुळे.

शाळेत रोज सकाळी स्पीकरवरून ही भूमी कुणाची, ते वाचून दाखवतात. एकदा ते वाचायची पाळी माझ्यावर आली, मी ते घाईघाईत उरकलं. नातीला सोडायला आलेल्या आजींनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. ‘अनिशिनाबे’ (मिसिसागा ज्यांच्यात मोडतात त्या लोकांचं नाव) हा शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि विचारलं, “निवासी शाळा पाहिलीस का गं कधी?”

निवासी शाळा म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडण्यासाठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या शाळा. पुढच्याच सुट्टीत ब्रँटफर्डला गेले. तिथल्या मोहॉक इन्स्टिट्यूटची निवासी शाळा 1970 मध्ये बंद झाली. रोजच्या त्याच त्या लापशीवरून मुलं तिला ‘मश होल’ म्हणत. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आहेत, आकडे आहेत. इथे मुलांना नंबराने हाक मारत. एका विटेवरून बोट फिरवलं, तर त्या खाचेत बोटाचं टोक रुतलं. किती दिवस कोरत बसलं असेल ते पोर!

या शाळांची चौकशी करणाऱ्या, न्या. मरे सिंक्लेअर यांच्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 शिफारशी केल्या. अशा शाळांत सुमारे दीड लाख मुलं गेली, हे त्याच अहवालात वाचलं. आईची भाषा बोलली की मार. मारणारेही शिक्षकच म्हणवत होते, हे मला अजून पचलेलं नाही.

‘आपण तेव्हा इथे नव्हतोच, आपला काय संबंध?’ असं इथल्या मराठी मंडळात मला विचारतात. मीही तेच म्हणायचे. पण घर मी त्याच जमिनीवर घेतलंय. नागरिकत्वाच्या शपथेत 2021 पासून इथल्या आदिवासींच्या हक्कांचा उल्लेख आला, तोही आयोगाच्या 94व्या शिफारशीमुळे. म्हणजे ती शिफारस नव्याने येणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच आहे.

आणि दर शनिवारी आम्ही बर्फातून गाडी हाकत मुलांना मराठी शाळेत नेतो ते कशासाठी? त्यांनी फोनवर आजीशी मराठीत बोलावं म्हणून. माझ्या विद्यार्थिनीच्या त्या आजींच्या आईची भाषा दूरच्या एका निवासी शाळेत गेली. आजी स्वतः ती साठी उलटल्यावर शिकू लागल्या.

येत्या सप्टेंबरअखेरीस, सत्य आणि सलोखा दिनाच्या (30 सप्टेंबर) आठवड्यात, त्या आमच्या मराठी शाळेत येणार आहेत. मुलांना शिकवायचा पहिला शब्द त्यांनी निवडून ठेवलाय: ‘नूकोमिस’, म्हणजे माझी आजी.

कॅनडावर पुन्हा लेख छापाल तेव्हा तेवढं एक वाक्य बदला, ही विनंती.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका, मिसिसागा (कॅनडा)