आधी उतरवून घेता येणारा धडा, मग थेट वर्ग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की खान्देशातल्या शाळा-महाविद्यालयांत ऑनलाइन शिक्षणाच्या खरेदीला वेग येतो. कुठे ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून स्मार्ट टीव्ही घेते, कुठे एखादी कंपनी सीएसआरमधून टॅब वाटते, कुठे शिक्षणसंस्था थेट वर्गासाठी, म्हणजे ठरलेल्या वेळी इंटरनेटवरून शिकवण्यासाठी, कॅमेऱ्याची खोली उभारते. उद्घाटनाचा फोटो छापून येतो आणि दिवाळीपर्यंत बरीचशी यंत्रे कापडाखाली जातात. यंत्रांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. धडा पोहोचवायची जी पद्धत ठरवली जाते, तीच आपल्याकडच्या दिवसाशी जुळत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ऑनलाइन शिक्षणावर खर्च करताना एकदा फोनवर उतरवून (डाउनलोड करून) घेऊन पुढे इंटरनेटशिवाय पाहता येईल असा धडा आधी तयार व्हावा, थेट वर्गाचा विचार त्यानंतर.

दूरून शिकवण्याचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले, २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला गेला. या सगळ्यात एक अडचण कायम होती. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा, तेव्हा वीज गेली की धडा गेला. याउलट १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने खान्देशातल्या कितीतरी शेतकऱ्यांना, गृहिणींना आणि नोकरदारांना पदवीपर्यंत नेले. तिथे पुस्तक घरी होते, वाचायची वेळ ज्याची त्याची होती आणि अडले तर विचारायला जवळपास अभ्यासकेंद्र होते. तंत्र बदलत गेले तरी या तीन गोष्टींची गरज आजही तशीच आहे.

पुढे २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेने मिळून एनपीटीईएल हा महाविद्यालयीन विषयांची मोफत व्याख्याने ऑनलाइन देणारा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये जुलैत स्वयम् हे एनपीटीईएलसह इतर ऑनलाइन अभ्यासक्रम देणारे सरकारी संकेतस्थळ आणि सप्टेंबरात शालेय धड्यांचे दीक्षा आले. धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीच्या हातभाराने जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या, त्याचे कौतुक राज्यभर झाले आणि ते योग्यच होते. मग २०२० ची टाळेबंदी आली. शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत साहित्य पाठवले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय धड्यांची मालिका लागली आणि खासगी शाळांनी घाईघाईने थेट वर्ग भरवले. त्या घाईत ऑनलाइन शिक्षण म्हणजे थेट वर्ग हे जे समीकरण डोक्यात बसले, ते अजून निघालेले नाही.

आता हिशेब पाहू. थेट वर्गाच्या एका तासाला साधारण ५०० एमबी ते १ जीबी डेटा जातो. घरात फोन एक, रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा, शिकणारी भावंडे दोन. म्हणजे दोन-तीन तासिकांत दिवसाचा डेटा संपला. वेळेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. सकाळी साडेदहाला वर्ग सुरू होतो तेव्हा रावेर-यावलकडे तो फोन बापाच्या खिशात केळीच्या बागेत असतो. कपाशी वेचणीच्या दिवसांत तर मूलही शेतात असते. फोन मुलाच्या हाती येतो तो रात्री आठनंतर. नंदुरबारहून ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत तर वेळेचा अंदाजही बांधता येत नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागात रेंज एखाद्या टेकडीवर किंवा रस्त्याच्या वळणावर मिळते. तिथे उभे राहून फाइल उतरवता येते, तासभर वर्गाला बसता येत नाही.

तोच धडा नीट तयार केला तर किती हलका होतो ते पाहा. बारा मिनिटांचा, ४८० पी चा (मध्यम स्पष्टतेच्या चित्राचा), फलक किंवा स्लाइड दाखवणारा व्हिडिओ २० ते २५ एमबीत बसतो. नुसता आवाज ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) ठेवला तर बारा मिनिटांना ३ एमबीही लागत नाहीत. मराठी, इतिहास, इंग्रजी उच्चार यांना आवाज आणि पुस्तकाचे पान पुरते. चित्र लागते ते भूमितीला, विज्ञानाला, नकाशाला.

असा धडा बनवताना शिक्षकांची अडचण सहसा आवाजात होते. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, पंख्याची घरघर शब्दांवर चढते आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर काहीच कळत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात पंखा बंद ठेवणे अवघड, म्हणून सकाळी सातच्या आत रेकॉर्डिंग उरकावे. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर ठेवावा आणि समोरच्या भिंतीवर जाड चादर किंवा गोधडी टांगावी. आधी दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करून ते हेडफोनवर न ऐकता फोनच्याच स्पीकरवर ऐकावे, कारण मूलही तसेच ऐकणार आहे. स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी नकोत. लॅपटॉपवर छान दिसणारी बारा ओळींची स्लाइड सहा इंची फोनवर वाचता येत नाही. आकार कमी करायला हँडब्रेक हा संगणकावरचा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्यात ४८० पी, सेकंदाला १५ फ्रेम, गुणवत्ता आरएफ २८ (हा आकडा वाढला की फाइल लहान होते), आवाज मोनो आणि ४८ केबीपीएस एवढे निवडावे. व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एच.२६५ या नव्या पद्धतीची निवड टाळावी. फाइल आणखी लहान होते खरी, पण जुन्या फोनवर चित्र अडकते आणि आवाज पुढे पळतो. जुनी एच.२६४ सगळीकडे चालते.

एका धड्यात एकच मुद्दा घ्यावा आणि शेवटी दोन प्रश्न द्यावेत. त्यांची उत्तरे मुलाने वहीत लिहून दुसऱ्या दिवशी शाळेत दाखवावीत. ही शेवटची पायरी गाळली की मुले व्हिडिओ लावून ठेवतात आणि पाहत नाहीत. सातपुड्यातल्या मुलांसाठी आणखी एक काम करता येते. धड्यातल्या अवघड संज्ञा पावरी किंवा भिली या तिथल्या आदिवासी बोलींत समजावणारा दोन मिनिटांचा आवाज स्थानिक शिक्षकाने जोडावा. खर्च काही नाही आणि पहिली-दुसरीच्या मुलाला त्याचा फार आधार होतो. अहिराणी बोलणाऱ्या गावांतही हे करून पाहण्यासारखे आहे.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल पालकांची तक्रार असते की स्कॅनच होत नाही. पान चुरगळले किंवा कॅमेरा ओरखडला की असे होते. त्या कोडखाली सहा अक्षरी क्रमांक छापलेला असतो. तो दीक्षा ॲपमध्ये हाताने टाकला की तोच धडा उघडतो आणि तिथूनच उतरवून ठेवता येतो. आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेल्या पालकाने आठवड्याचे धडे उतरवून नेले तर घरी रेंज नसली तरी चालते. त्याआधी फोनमध्ये निदान २ जीबी जागा रिकामी करावी. व्हॉट्सॲपमधले शुभ सकाळचे फोटो आणि व्हिडिओच बहुतेक जागा खात असतात.

शाळेने किंवा गावच्या वाचनालयाने याच्या एक पाऊल पुढे जावे. कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर बसते. त्यात धडे एकदा पेनड्राइव्हने भरले की मुले वाय-फायने जोडून ब्राउझरमध्ये ते पाहतात. इंटरनेट लागत नाही. कोणी कुठपर्यंत धडे पूर्ण केले हे शिक्षकाला दिसते. २५ एमबीचा एक धडा धरला तर ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास धडे मावतात, म्हणजे अख्ख्या प्राथमिक शाळेला पुरून उरतील.

हे बसवताना तीन ठिकाणी गाडी अडते. पहिले म्हणजे, स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेतला जातो आणि अचानक वीज गेली की त्याचे मेमरी कार्ड खराब होते. लोडशेडिंगच्या गावात बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉपच बरा. दुसरे, या वाय-फायला इंटरनेट नाही हे फोनला कळते आणि तो आपोआप मोबाइल डेटाकडे वळतो. मग धडा उघडत नाही आणि यंत्र बिघडले असे सगळ्यांना वाटते. मुलांना आधी मोबाइल डेटा बंद करायला लावावा. तिसरे, फोनच्या हॉटस्पॉटवर बहुधा आठ-दहाच जण जोडले जातात. वर्गासाठी वेगळा राउटर हवा आणि साध्या राउटरवर वीसच्या आतले गट करावेत. त्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावावा. ८००० एमएएचच्या लिथियम बॅटरीत साधारण ३० वॉट-तास वीज असते आणि राउटर ८ वॉटच्या आसपास खातो. म्हणजे वीज गेली तरी तीन तास निघतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी चित्र वेगळे आहे. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, शुल्क लागते ते परीक्षेला. ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. स्वाध्यायाची मुदत रात्री संपते आणि शेवटच्या तासाला रेंज गेली म्हणून गुण हुकतात, तेव्हा दोन दिवस आधीच उत्तरे टाकावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम् वरून घेता येतात. मात्र कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या बदल्यात चालेल, हे महाविद्यालयाकडून सत्राआधी लेखी घ्यावे. परीक्षा दिल्यानंतर विचारले तर प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते आणि गुणपत्रिकेवर काहीच येत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी अशी यादी सत्र सुरू होण्याआधी सूचना फलकावर लावली तर खेड्यातल्या विद्यार्थ्यांचे हेलपाटे वाचतील.

खासगी ॲपवाल्यांच्या हप्त्यांबद्दल पालकांनी सावध राहावे. प्रतिनिधी घरी येतो, टॅब दाखवतो आणि टॅबवरच सही घेतो. ती सही बऱ्याचदा अभ्यासक्रमाची नसून वित्त कंपनीच्या कर्जाची असते. मुलाने शिकणे सोडले तरी हप्ता खात्यातून जातच राहतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच आपोआप पैसे कापण्याची परवानगी देणे टाळा असे पालकांना सांगितले होते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तसेच अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा यांच्या पदव्या पूर्णपणे ऑनलाइन देण्यास परवानगी नाही. कोणी तसे सांगत असेल तर तिथे पैसे भरू नयेत. इतर ऑनलाइन पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त यादी पाहावी.

सध्या एआयचा बोलबाला आहे. एकाच धड्यावर सोपे, मध्यम, अवघड असे वीस प्रश्न काढून घेण्यासाठी शिक्षकांनी तो जरूर वापरावा. पण गणिताची उत्तरे आणि स्थानिक इतिहास स्वतः तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नये, कारण चुकीचे उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो. लहान मुलाच्या हाती तो एकट्याने देण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांना आमची विनंती आहे की, यंदाच्या शैक्षणिक यंत्रखरेदीत पुढील अटी लेखी घालाव्यात. पुरवलेले साहित्य इंटरनेटशिवाय चालले पाहिजे. व्हिडिओच्या फाइली शाळेच्या मालकीच्या असाव्यात, पुरवठादाराचा करार संपला म्हणून त्यांना कुलूप लागू नये. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना त्याच यंत्रावर प्रशिक्षण मिळावे, कारण एकाची बदली झाली की यंत्र बंद पडते. आणि तीन वर्षांची देखभाल व शाळेचे वीजबिल यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात दाखवावी.

आपले,
शहादा व शिरपूर तालुक्यांतील काही शिक्षक