गोष्ट वायटची, बिल्ला व्हर्जिलचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वेस्टर्न सिनेमांवर लेख आला होता, त्यात केविन कॉस्टनरच्या १९९४ च्या ‘वायट अर्प’ला (जुन्या अमेरिकेतल्या त्याच नावाच्या खऱ्याखुऱ्या बंदूकबाज पोलिसावरचा सिनेमा) चार ओळींत निकालात काढलंय. लांबण लावलीय म्हणे, त्यापेक्षा सहा महिने आधी आलेला, याच वायटवरचा ‘टूमस्टोन’ बघा. आता लांब आहे हे खरंच, तीन तास अकरा मिनिटं, मी पहिल्यांदा केबलवर पाहिला तेव्हा जाहिरातींसकट चार तास लागले होते आणि मध्ये जेवण पण उरकलं होतं. पण मला आवडतो तो. डेनिस क्वेडने वायटचा क्षयाने खंगलेला जुगारी दोस्त डॉक हॉलिडे करायला वजन किती उतरवलं होतं ते नुसतं बघूनच कळतं, आणि बापाच्या कामात जीन हॅकमन. असो, आवडीनिवडीवरून भांडायला मी पत्र लिहीत नाहीये.

लेखात म्हटलंय की कायदा नसलेल्या गावात एका मार्शलने कायदा आणला. इथे मला राहवलं नाही. ॲरिझोनातल्या त्या टूमस्टोन गावात कायदा होता हो! नगरपालिकेने १८८१ मध्येच नियम केला होता, नियम क्रमांक ९, गावात शस्त्र घेऊन फिरायचं नाही, आलात की बंदूक जमा करा आणि जाताना घेऊन जा. आणि २६ ऑक्टोबर १८८१ ची ती ‘ओके कोराल’ची (कोराल म्हणजे घोडे ठेवायचा वाडा) जगप्रसिद्ध चकमक, एकीकडे अर्प भाऊ आणि दुसरीकडे क्लँटन आणि मॅक्लॉरी, पेटली ती याच नियमावरून. जुनी वैरं होती, दरोड्याचे संशय होते, सगळं होतं, पण त्या दिवशीचं कारण काय तर हत्यारं काढून घ्यायची. आणि ती काढून घ्यायची जबाबदारी वायटची नव्हतीच, गावचा मार्शल म्हणजे पोलिसप्रमुख होता त्याचा मोठा भाऊ व्हर्जिल. वायट, धाकटा मॉर्गन आणि डॉक हे त्याने मदतीला घेतलेले लोक.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या सिनेमांत हीरो वायट, आणि व्हर्जिल मागे मिशा घेऊन उभा. खरं तर सिनेमा व्हर्जिलवर निघायला पाहिजे. आदल्या रात्रीचंच बघा, हा माणूस पहाटेपर्यंत पोकर खेळत बसलेला, आणि कोणाबरोबर, तर समोरच्या पार्टीतले आइक क्लँटन आणि टॉम मॅक्लॉरी, वर शेरीफ (म्हणजे जिल्ह्याचा पोलिसप्रमुख) बीहान पण त्याच टेबलावर! सकाळी तोच आइक बंदूक घेऊन अर्प लोकांना शोधत गावभर फिरायला लागला म्हणून व्हर्जिलने मागून जाऊन त्याच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता घातला, कोर्टात उभा केला, २५ डॉलर दंड आणि अडीच डॉलर खर्च वसूल करून सोडून दिला. दुपारी परत निरोप आला की हे लोक शस्त्रं घेऊन फ्लायच्या फोटो स्टुडिओजवळ उभे आहेत (हो, ओके कोरालमध्ये नाही, शेजारच्या रिकाम्या जागेत, पण फोटो स्टुडिओच्या नावाने सिनेमा कोण बघणार). तेव्हा व्हर्जिलने काय केलं, तर हातातली दुनाळी बंदूक डॉकच्या कोटाखाली दिली आणि त्याची काठी आपण घेतली, लोक घाबरू नयेत म्हणून. म्हणजे चकमकीच्या तोंडाशी पोलिसप्रमुखाच्या उजव्या हातात काठी! हात वर करा, बंदुका द्या असं ओरडला, तेवढ्यात चापांचे आवाज आले, तेव्हा थांबा, माझा तसा अर्थ नाही असंही ओरडला. पुढे साधारण तीस सेकंद, तीसेक गोळ्या, आइकचा भाऊ बिली क्लँटन आणि दोघे मॅक्लॉरी भाऊ मेले, आइक पळाला. व्हर्जिलच्या पोटरीत गोळी, मॉर्गनच्या खांद्यात, डॉकला चाटून गेली, वायटला ओरखडा नाही.

नंतर न्यायाधीश स्पायसरपुढे महिनाभर सुनावणी चालली, सगळे सुटले, पण ताशेरे कोणावर? वायट आणि डॉकला बरोबर नेलंस हे चुकलं म्हणून व्हर्जिलवर. २८ डिसेंबरला रात्री अंधारातून कोणीतरी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, डावा हात कायमचा गेला. सांगतात की बायको ॲलीला तेव्हा म्हणाला, काळजी करू नकोस, तुला मिठीत घ्यायला एक हात उरलाय. मार्चमध्ये बिलियर्ड खेळताना मॉर्गनचा खून झाला आणि मग वायट सूड घेत सुटला, सिनेमाला तेच लागतं. व्हर्जिल मात्र कॅलिफोर्नियात गेला आणि १८८७ मध्ये कोल्टन गावाने त्या एका हाताच्या माणसाला आपला पहिला मार्शल म्हणून निवडून दिला, हे कोणत्या सिनेमात आहे सांगा.

जॉन फोर्डच्या १९४६ च्या सिनेमात तर त्याला चकमकीच्या आधीच मारून टाकलाय आणि वायटला मार्शल केलंय. त्या मानाने कॉस्टनरचा बरा, निदान बिल्ला ज्याचा त्याच्याकडे आहे, आणि भावांच्या बायका, विशेषतः कॅथरीन ओहाराची ॲली, हे सगळं तुमच्या भाऊभाऊपणापायी चाललंय म्हणून तोंडावर बोलतात तरी.

वायटच का, याचं उत्तर मला साधं वाटतं, तो टिकला. व्हर्जिल १९०५ मध्ये न्यूमोनियाने गेला, वायट १९२९ पर्यंत जगला, तोही लॉस एंजेलिसमध्ये, सिनेमावाल्यांच्या ओळखीत, टॉम मिक्स आणि विल्यम हार्टसारख्या वेस्टर्नच्या स्टार लोकांनी त्याला शेवटचा खांदा दिला. दोन वर्षांनी त्याचं चरित्र आलं आणि मग काय, गाडी सुटलीच.

तेव्हा लेखकाने हवं तर ‘टूमस्टोन’ची शिफारस करावी, पण कॉस्टनरच्या फोटोखाली ‘टूमस्टोनचे मार्शल वायट अर्प’ असं छापलंय तेवढी एक ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी द्या.

आपला,
एक जुना वाचक, मिरज