प्रयोग कोणत्या प्राण्यावर?

महोदय,
'अफूवर्गीय औषधांनी ताणाचं संप्रेरक घटतं' असं आरोग्य-पुरवण्यांत सरसकट छापलं जातं. माणसात मॉर्फिनने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं, हे खरं. पण उंदराला तेच टोचा, मेंदूतून इशारा सुटतो आणि मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी उलट जोमात कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदराचं ताणाचं संप्रेरक, सोडू लागते!

एटोमिडेट या भुलीच्या औषधाची तऱ्हाच निराळी. ते ग्रंथीतलं, कॉर्टिसॉल घडवणारं विकरच अडवतं. ग्लासगोत अतिदक्षता विभागातल्या जखमी रुग्णांना ते सतत ठिबकत दिल्यावर मृत्यू वाढल्याचं 1983 मध्ये पुढे आलं, तेव्हा कुठे डॉक्टर सावध झाले. कुत्र्यात एका डोसनेही कॉर्टिसॉल काही तास दबून राहतं. अ‍ॅडिसनचा, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावण्याच्या आजाराचा, संशय असलेल्या कुत्र्याला ते द्यायला आम्ही म्हणूनच धजत नाही.

तेव्हा प्राणी कोणता, डोस एकदाच की रोज, एवढं तरी बातमीत द्या.

– एक पशुवैद्यक, सातारा