सर, तुम्ही खिडकी लोटून घेतलीत

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागून आज चौथा दिवस. पेढे वाटून झाले, बालकल्याण समितीला कळवून झालं, गुणपत्रकाची प्रत ऑफिसच्या भिंतीवर लागली, तरी माझं मन काही थाऱ्यावर नाही. तुम्हाला फोन केला तेव्हा मला बोलताच आलं नाही. "अहो मावशी, अभ्यास तिनं केला, मी काय केलं," एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही काय केलंत ते चार लोकांनाही वाचता यावं, म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे.

तिचं नाव लिहीत नाही. आमच्या बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायची नाही असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती, एवढं तुम्हाला पुरेल.

१३ वर्षांची असताना ती बालगृहात आली. ऊसतोडीचं घर. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, परत यायचं ते गुढीपाडव्याच्या पुढेमागे. मधले महिने शाळा नाही. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी भरायचं. आई गेली त्याच वर्षी बापाने लग्न ठरवलं. हळद लागली होती. कुणीतरी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून ते थांबलं. आमच्या दारात उतरली तेव्हा हातात हिरवा चुडा तसाच होता. मी काही म्हटलं नाही. तिने तो उतरवायला दोन दिवस घेतले, एकेक बांगडी करत.

तिला घेऊन मी पहिल्यांदा गेले ती शाळा तुमची नव्हती. तिथे पहिला प्रश्न दाखल्याचा. दाखला नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. मी तो कागद हातात घेऊनच गेले होते, म्हणून घेतलं तिला. पण वर्गात तिला हाक मारायची ती "ए रिमांड होम" अशी. रिमांड होम म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं निरीक्षणगृह; आमचं ते नाही, बालगृह आहे. गुन्हा तिने केला नव्हता, तिच्यावर होणार होता. आणि निरीक्षणगृहातलं मूल असतं तरी त्याला अशी हाक मारायचा अधिकार कुणाला आहे? पालकसभेला सगळ्या आईबापांशी बोलून झालं की मला बोलवायचे, "तुमच्या सगळ्या मुलींचं एकदमच सांगते." सात मुली, दोन मिनिटं. तिच्या वहीत लाल शाईने तीनदा लिहून आलं, 'वर्गात झोपते.' खाली पालकाची सही माझी. का झोपते, हे कुणी विचारलं नाही.

ती रात्री झोपतच नव्हती, सर. आमच्या हॉलमध्ये ओळीने खाटा आहेत. तिने दाराजवळची मागून घेतली होती. "कोण आलं ते आधी मला दिसलं पाहिजे," म्हणायची. पहाटेपर्यंत दाराकडे बघत पडून राहायची. दिवसा वर्गात ४० पोरांच्या मध्ये बसली की मग तिचे डोळे मिटायचे, कारण तिथे आपल्याला कुणी उचलून नेणार नाही एवढी तिची खात्री होती. हे मला तरी कुठे लगेच कळलं? मीसुद्धा सुरुवातीला रागावले होते तिला.

आठवीला ती तुमच्या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात रात्री जेवताना म्हणाली, "मावशी, आज मी परत झोपले." माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, सरांनी बघितलं? "बघितलं ना. ऊन तोंडावर येत होतं माझ्या. सर आले, खिडकी लोटून घेतली, आणि मग हळू आवाजात शिकवायला लागले." तुला गं कसं कळलं, तू झोपली होतीस ना? तर म्हणते, "जाग आली होती. पण डोळे नाही उघडले मी."

सर, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला मात्र त्या रात्री भाकरी गिळेना. एक पुरुष माणूस ती झोपलेली असताना तिच्या बाकापर्यंत आला, खिडकी लोटली आणि परत फळ्याकडे गेला. तिच्या आयुष्यात असं याआधी झालं नव्हतं. डोळे मिटून ती वाट बघत असणार, आता ओरडतील, आता कान धरतील. तास संपल्यावर तुम्ही तिच्या बाकावर एक पान ठेवलंत, त्या दिवसाची तीन गणितं, वर तारीख घालून. ते पान अजून तिच्या पेटीत आहे, घडीवर फाटत आलेलं.

पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ४ पडले होते, हेही सांगायला हवं. एका खिडकीने सगळं पालटलं असं मी म्हणत नाही. तुमच्या पहिल्या पालकसभेत तुम्ही मला खुर्ची दिलीत, तिच्या एकटीबद्दल बोललात आणि मग विचारलंत, "रात्री झोप लागते का तिला?" मी चाळीस शाळांच्या पायऱ्या चढले असेन, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. त्या दिवाळीनंतर तिने आपणहून खाट बदलून मागितली. आता दारापासून चौथी आहे तिची, भिंतीकडे तोंड करून झोपते.

आमच्याकडे वाढदिवसाचा केक घेऊन येणारे बरेच असतात. मुलींना केक आवडतो, मी कुणाला नको म्हणत नाही. पण मुलींच्या तोंडी नावं असतात ती वेगळ्याच माणसांची. पाऊस असला की फाट्यावर न उतरवता थेट आमच्या फाटकाशी एसटी उभी करणारे कंडक्टर आहेत. पुस्तकांना कव्हर घालून देणारे दुकानदार काका आहेत, मुली कुठल्या हे त्यांनी कधीच विचारलं नाही. माणुसकी म्हणतात ती माझ्या मुलींना अशीच भेटली आहे, आणि भेटली तेव्हा ती त्यांनी बरोबर ओळखली आहे.

६४.२० टक्के. गणितात ५८. मुकादमाच्या वहीत बापाच्या अंगठ्यापुढे उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, आकडा काय लिहिलाय हे वाचता येणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून तिला हिशेब शिकायचा आहे; कॉमर्सला जाते म्हणते. दीड वर्षाने ती १८ ची होईल, मग बालगृहात राहता येणार नाही. जागा मिळाली तर अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांच्या वसतिगृहात, २१ पर्यंत. बाप जिवंत आहे, म्हणून कागदावर ती अनाथ नाही. २०१८ पासून अनाथ मुलांना १ टक्का आरक्षण आहे, तेही तिला नाही. रात्री हॉलमध्ये फेरी मारताना हेच डोक्यात असतं माझ्या. पण निदान हे गुणपत्रक तिच्या हातात आहे आणि ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

शाळा उघडली की ती तुम्हाला भेटायला येणार आहे. एकटी जाते म्हणाली, मी फाटकाबाहेर थांबेन. बरोबर बेसनाचे लाडू असतील. तिनेच वळलेत, लहानमोठे झालेत, गोड मानून घ्या. डबा परत करायची घाई करू नका.

आपली नम्र,
मुलींची मावशी