नॅनोचांदी जखमेसाठी राखून ठेवा

महोदय,

गेल्या वर्षी मधुमेहामुळे माझ्या आईच्या पायाला झालेली जखम चार महिने भरत नव्हती. पुवाच्या तपासणीचा अहवाल आला, तेव्हा प्रतिजैविकांच्या यादीत बहुतेक नावांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट (जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत), एवढेच अक्षर छापलेले होते. डॉक्टरांनी औषध बदलले आणि जखमेवर नॅनोचांदीची, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची, करडी पट्टी बांधण्यास सुरुवात केली. सारे श्रेय पट्टीचे नव्हे, कारण साखरही आटोक्यात आली होती. परंतु तिसऱ्या पट्टीनंतर जखमेचा वास गेला, हे मी स्वतः अनुभवले आहे.

चांदीचे हे कण १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान, म्हणजे जिवाणूच्या कितीतरी पट बारीक असतात. त्यांतून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभारित कण) जिवाणूचे आवरण कमकुवत करतात आणि आतील प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून त्यांचे काम बंद पाडतात. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसत असल्याने जिवाणूंना त्यातून वाट काढणे अवघड जाते, पण अशक्य नाही: बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या संयुगाला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू आढळल्याची नोंद १९७५ सालीच झाली आहे.

असे असताना मागच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावर ‘नॅनो सिल्व्हर, दुर्गंधीमुक्त’ असे छापलेले पायमोजे पाहून मन अस्वस्थ झाले. अशा मोज्यांतील चांदी धुताना पाण्यात उतरते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली दाखवले आहे. आपल्याकडे ते पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते, जिथले काम उपयुक्त जिवाणूंच्याच भरवशावर चालते, आणि तिथून पुढे मुठा नदीत. प्रतिजैविकांचेही असेच झाले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली, तेव्हा पेनिसिलिन हे अमूल्य औषध होते. पुढे सर्दी-पडशालाही प्रतिजैविके घेण्याची सवय लागली आणि आईच्या अहवालातील ‘आर’ची रांग हा त्याच सवयीचा हिशेब आहे.

जिवाणुनाशक म्हणून नॅनोपदार्थ वापरलेल्या वस्तूंच्या लेबलवर तसा उल्लेख करणे युरोपीय संघाने २०१२ च्या नियमांनुसार बंधनकारक केले आहे. तसाच नियम आपल्याकडे व्हावा, चांदीचे प्रमाणही छापले जावे, आणि नॅनोचांदीवर काम झालेल्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या पुण्यातील संस्थांच्या मदतीने महापालिकेने सांडपाण्यातील चांदी नियमितपणे मोजावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे